आजाऱ्याच्या कागदाची राखण

रुग्णालयात कोण कोण काम करते, असे विचारले तर आपल्या खेड्यांतील लहान मूलही डॉक्टर, परिचारिका आणि औषधे देणारा अशी तीन माणसे सांगेल. चौथे माणूस कोणाच्या ध्यानात येत नाही. ते बहुधा तळघरात किंवा जिन्याशेजारच्या खोलीत बसलेले असते. त्याच्या हाती सुई नसते, गळ्यात नळी नसते. परंतु मागल्या पावसाळ्यात आपणांस काय झाले होते, कोणते औषध अंगास सोसले नव्हते, रक्त कोणत्या गटाचे निघाले होते, हे सारे त्याच्या स्वाधीन असते. असे माणूस तयार करणारी विद्या आता आपल्या देशात पदवीपर्यंत शिकविली जाते. तिला आरोग्य-माहितीशास्त्र म्हणतात. महाविद्यालयांच्या पत्रकांत ती ‘हेल्थ इन्फर्मॅटिक्स’ किंवा ‘हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट’ या नावाने आढळते. कर्नाटकात मणिपाल येथे अशी पदवी मिळते, अन्यत्रही मिळते.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या ही विद्या शिकत आहे. बेळगावच्या पश्चिमेकडील आमच्या खेड्यातून ती बारावी विज्ञान शाखेत उत्तीर्ण झाली, तेव्हा तिने परिचारिका व्हावे असे घरात सर्वांनी गृहीत धरले होते. तिने मात्र हा अनोळखी विषय निवडला. आमची भावजय म्हणाली, “भावोजी, बँकेचे कर्ज काढून, चार वर्षे परगावी ठेवून शेवटी मुलगी कारकूनच होणार का?” प्रश्न गैर नव्हता. ज्या आईबापांचे सारे उत्पन्न दीड एकर जमिनीवर आणि दोन म्हशींवर आहे, त्यांना तो विचारण्याचा पुरता अधिकार आहे. मुलगी सुटीत घरी आली की आम्ही तिची पुस्तके चाळतो, तिला प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधतो. जे हाती लागले ते येथे मांडीत आहो; कारण परीक्षेचे निकाल लागले की आपल्या पुष्कळ घरांत असेच प्रश्न निघतात.

नोंद ठेवणे ही गोष्ट आपल्या समाजास नवी नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंना विवाहांची नोंदवही जपून ठेवण्याचा नियम घालून दिला, आणि स्नानसंस्काराची पुस्तकेही चर्चमधून नियमाने ठेवली जाऊ लागली. गोव्यातील कुटुंबे आजही आपल्या पणजोबांचे नाव या पुस्तकांतून शोधून काढतात. रुग्णालयांना मात्र ही शिस्त फार उशिरा लागली. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ ते १८५६ या काळात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सैनिकांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला, आणि तलवार व गोळी यांपेक्षा रुग्णालयांतील घाणीने व साथींनी अधिक माणसे मारली हे त्या आकड्यांनी सरकारला दाखवून दिले. दिवा घेऊन फिरणारी नाइटिंगेल आपणां सर्वांस ठाऊक आहे. कागद आणि आकडे घेऊन झगडणारी नाइटिंगेल फारशी कोणास ठाऊक नाही.

पुढे अमेरिकेत ग्रेस व्हाइटिंग मायर्स या बाईंच्या पुढाकाराने १९२८ साली रुग्णालयांतील नोंदी सांभाळणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. त्यानंतर सात वर्षांनी, १९३५ साली, मिनेसोटा राज्यातील डुलुथ या गावी सेंट स्कोलास्टिका महाविद्यालयात या विषयाचा पदवी अभ्यासक्रम निघाला. तो त्या देशातील पहिला म्हणून ओळखला जातो, आणि तो चालविणाऱ्या होत्या बेनेडिक्टाइन पंथाच्या धर्मभगिनी. आजाऱ्याची सेवा करता करता, त्याचा कागद सांभाळणे हाही त्या सेवेचाच भाग आहे, हे त्यांनी ओळखले. तेव्हा लेखणी आणि दौत होती, आता संगणक आहे. परंतु कामाचा गाभा बदललेला नाही.

आमच्या पुतणीच्या महाविद्यालयात तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम, अशी योजना आहे. प्रारंभी शरीराची रचना, इंद्रियांचे व्यापार आणि रोगांची नावे शिकवितात. ही नावे लांबलचक आणि ग्रीक व लॅटिन शब्दांपासून बनलेली असतात; परंतु शब्दाच्या अखेरीस ‘आयटिस’ दिसले की कोठे तरी दाह आहे असे समजावे, यांसारख्या खुणा कळल्या की ती सोपी होतात. पुढे रोगांचे वर्गीकरण, संख्याशास्त्र, संगणकात माहितीचे कोठार बांधण्याची रीत, कायदा आणि नीती हे विषय येतात. सध्या तिचे प्रत्यक्ष कामाचे वर्ष चालू आहे.

या कामातील पहिली अडचण ऐकली तेव्हा आम्हांस हसू आले, आणि मग हसू मावळले. ती अडचण म्हणजे आपली नावे. एखाद्या गृहस्थाचे नाव स्नानसंस्काराच्या पुस्तकात ‘इग्नासियो’, घरी ‘इनास’, आणि आधार कार्डावर ‘इग्नेशियस’. आडनाव इंग्रजीत लिहिताना एक भाऊ अखेरीस ‘एस’ घालतो, दुसरा ‘झेड’ घालतो. आमच्या बाजूस सरकारी दवाखान्यात नाव कन्नडात लिहिले जाते, माणूस ते मराठीत सांगतो, आणि डॉक्टर इंग्रजीत उतरवून घेतात. जन्मतारखेचा आधार घ्यावा, तर आपल्या वृद्धांपैकी निम्मेशिम्मे १ जूनला जन्मलेले! शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी सोयीची तारीख लिहिली, तीच जन्मभर चिकटली. एकाच नावाचे तीन म्हातारे, तिघांचीही जन्मतारीख १ जून, आणि तिघेही एकाच आठवड्यात खोकल्यासाठी आलेले. अशा वेळी कोणता क्ष-किरणांचा फोटो कोणाचा, हे ठरविणे सोपे नव्हे.

याचा अनुभव आमच्या घराने पूर्वीच घेतला होता. आमच्या आत्यांना एकदा पेनिसिलीनची सुई टोचताच घेरी आली, अंगावर गांधी उठल्या, आणि श्वास कोंडला. तेथील डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर तांबड्या शाईने तसे लिहून ठेवले. चार वर्षांनी त्या तापाने बेशुद्ध झाल्या, तेव्हा त्यांना त्याच रुग्णालयात नेले. सोबत नवी सून होती. तिने सासूबाईंचे घरगुती नाव सांगितले, ते लिहिले गेले आणि नवा कागद तयार झाला. तांबड्या शाईचा जुना कागद दुसऱ्या नावाखाली, त्याच इमारतीत, पन्नास पावलांवर पडून राहिला. सुई भरली जात असता आत्यांचे वडील चिरंजीव धावत आले आणि त्यांनी औषधाचे नाव विचारले, म्हणून त्या वाचल्या. तेथे कोणी दुष्ट नव्हते, कोणी आळशीही नव्हते. परंतु दोन कागद एकाच बाईचे आहेत हे ओळखणारे तेथे कोणी नव्हते.

आमच्या पुतणीचे आजचे पुष्कळसे काम हेच आहे. नुसत्या नावावर विसंबून न राहता जन्मतारीख, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक पडताळून पाहणे. एकाच माणसाचे दोन क्रमांक झाले असल्यास ते जोडणे. आणि दोन माणसे एका क्रमांकात मिसळली असल्यास ती सोडविणे. ती सांगते, “काका, जोडण्यापेक्षा सोडविण्याचे काम कठीण. एकाचा मधुमेह दुसऱ्याच्या कागदात गेला, तर तो बाहेर काढेपर्यंत झोप लागत नाही.”

दुसरी गोष्ट रोगांच्या नावांची. जगातील सर्व देशांनी रोग एकाच पद्धतीने मोजावेत म्हणून रोगांची एक यादी आहे. झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीतून ती वाढली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे, आणि तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. तीत प्रत्येक रोगास अक्षरे व अंक यांची एक खूण दिलेली असते. या खुणेचा आपल्याला काय उपयोग, असे कोणी विचारील. आपल्या डोंगराळ भागातील माकडतापाचे उदाहरण घ्या. हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. गोचिडीच्या चाव्याने तो माणसास होतो. पुढे २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात तो दिसला. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना त्याचा धोका विशेष.

आता अशा गावातील रोग्यांच्या कागदांवर एका डॉक्टरने ‘ताप’ लिहिले, दुसऱ्याने ‘अंगदुखी’, तिसऱ्याने ‘विषाणूचा ताप’, तर ते तीन निरनिराळे किरकोळ आजार ठरतात. परंतु रक्ताची तपासणी होऊन प्रत्येक कागदावर दहाव्या आवृत्तीतील ‘ए ९८.२’ ही एकच खूण उमटली आणि शेजारी गावाचे नाव नीट लिहिलेले असले, तर कोणत्या रानाच्या कडेला रोग पसरतो आहे हे जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास बसल्या जागी दिसते. तेथे मग लोकांस सावध करता येते. येथे एक कडक नियम आहे. डॉक्टरने जे लिहिले नाही, ते खूण घालणाऱ्याने आपल्या तर्काने घालावयाचे नाही. शंका असल्यास डॉक्टरांकडे जाऊन विचारावयाचे. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने मोठ्या डॉक्टरांस “साहेब, येथे आपण काय लिहिले आहे?” असे विचारणे सोपे नसते; परंतु तेही शिकावे लागते.

आपण सीमेवरची माणसे. चंदगडचा शेतकरी बेळगावास येतो. आमच्या गावचा रोगी बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जातो. तीन राज्यांचे तीन कागद पिशवीत गोळा होतात आणि पावसात भिजतात. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात इच्छा असेल त्यास चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. कागद जेथे तयार झाला तेथेच राहतो, आणि रोग्याने संमती दिली म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांस तो पाहता येतो, अशी ही योजना आहे. हे घडण्यास दोन्हीकडच्या यंत्रांना एकच भाषा कळली पाहिजे. म्हणून भारत सरकारने आरोग्य नोंदींचे नियम २०१३ साली केले व २०१६ साली सुधारले. ते नियम पाठ करताना आमची पुतणी रडकुंडीस आली होती. सर्व लहान दवाखाने अद्याप या जाळ्यात आलेले नाहीत, म्हणून पिशवी इतक्यात टाकून देण्याचे कारण नाही.

यंत्र आले म्हणजे चिंता सरली असेही नव्हे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स या देशातील अग्रगण्य रुग्णालयाच्या संगणकांवर दरोडा पडला. माहिती कुलूपबंद झाली, आणि अनेक दिवस रोग्यांची नोंद हाताने करावी लागली. म्हणून या विद्यार्थ्यांना संगणक बंद पडल्यास कागदावर काम कसे चालवावे आणि माहितीची दुसरी प्रत कोठे ठेवावी, हेही शिकवितात.

आता जी गोष्ट सांगावयाची आहे, तिच्यामुळे हा विषय आम्हांस खऱ्या अर्थाने कळला. गेल्या वर्षी नाताळाच्या आधी तिच्या मामांनी तिला दूरध्वनी केला. त्यांच्या कन्येस एक स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, घर चांगले. परंतु तो मागे आठ दिवस त्याच रुग्णालयात होता, जेथे आमची पुतणी काम शिकत आहे. मामा म्हणाले, “बाळ, तुला काही करावयाचे नाही. नुसते उघडून पाहा, आणि काय झाले होते तेवढे सांग.” तिने नकार दिला.

मामा दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पोटच्या मुलीच्या जन्माचा प्रश्न होता. त्यात त्यांचा लोभ नव्हता, भीती होती. शिवाय पहिल्या वर्षी बँकेचे कर्ज मंजूर होण्यास विलंब लागला, तेव्हा फीचे पैसे त्यांनीच भरले होते. तेही त्यांनी बोलून दाखविले. आमचे बंधू खाली मान घालून बसले. भावजय एकदा भावाकडे, एकदा पतीकडे पाहत होती. मुलीस पुन्हा दूरध्वनी लावण्यात आला. ती म्हणाली, “मामा, मी कोणाचा कागद कधी उघडला, हे यंत्र लिहून ठेवते, पण मी त्या भीतीने नाही म्हणत नाही. उद्या ताईचाही कागद तेथे येईल. तो कोणी असा उघडला, तर आपणांस चालेल का?”

आम्ही तिची बाजू घेतली. मामांना विचारले, “कोणी कुमसारात काय सांगितले, हे आपण फादरांना कधी विचाराल का?” ते म्हणाले, “ती गोष्ट निराळी.” आणि त्यांचे म्हणणे खरे होते. तो संस्कार आहे; ही नोकरी आहे, आणि तिला कायद्याचे बंधन आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. परंतु आजारी माणूस डॉक्टरांपुढे अंगावरचे वस्त्र आणि मनावरची लाज दोन्ही बाजूस ठेवून बसतो. आपण येथे बोललो ते बाहेर जाणार नाही, या एका भरवशावर. तो भरवसा मोडला, तर लोक आजार लपवितील. क्षयाचा रोगी खोकला दाबून धरील, आणि त्याचा उपसर्ग आपल्याच मुलांस होईल.

मामांना आम्ही सरळ मार्ग सुचविला: मुलाच्या वडिलांना स्पष्ट विचारा, आणि आपल्या मुलीसंबंधी त्यांनी विचारले तर तितकेच स्पष्ट सांगा. पुढे त्यांनी तसे केले. मुलाकडच्यांनी काय सांगितले, आणि सोयरीक जुळली की नाही, हे आम्ही येथे लिहिणार नाही. कारण तेही त्या मुलाच्या कागदातलेच आहे. मामांचे पैसे बंधूंनी दोन हप्त्यांत, एक म्हैस विकून, परत केले. काही महिने त्यांचे आमच्याकडे येणे बंद होते. ईस्टरला ते आले, जेवले, शेतीभातीच्या गोष्टी बोलले. त्या विषयावर कोणीच बोलले नाही.

त्या दिवसापासून भावजयीने ‘कारकून’ हा शब्द पुन्हा उच्चारलेला नाही. आम्ही मात्र तो शब्द टाकावा असे म्हणणार नाही. नोंद ठेवणारी ती कारकून खरीच. परंतु जिच्या अचूकपणावर एखाद्याचा प्राण आणि जिच्या मौनावर एखाद्याची अब्रू अवलंबून आहे, अशी कारकून.

ज्या पालकांच्या मनात हा अभ्यासक्रम आहे, त्यांना दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. ही पदवी घेऊन मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होत नाही, आणि प्रारंभीचे वेतनही डॉक्टरांसारखे नसते. रुग्णालयांचे नोंदणी विभाग, विमा कंपन्या, सरकारी आरोग्य योजना आणि हैदराबाद, चेन्नई, बंगळूर येथील अमेरिकन रुग्णालयांसाठी रोगांच्या खुणा घालणाऱ्या कंपन्या, येथे काम मिळू शकते. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील सहायक व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यात या व्यवसायासही स्थान दिले आहे. दुसरी गोष्ट, काही महिन्यांत खुणा घालण्यास शिकवून नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती निराळ्या, आणि पदवी निराळी. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयास स्वतःचे रुग्णालय आहे काय, आणि प्रत्यक्ष कामाचे वर्ष नोंदणी विभागात काढावयास मिळते काय, हे जाऊन पाहावे. मुलास आकड्यांचा कंटाळा असेल, किंवा ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणे जमत नसेल, तर त्यास या मार्गास लावू नये.

आणि ज्यांच्या घरी असे शिकणारे कोणी नाही, त्यांनीही इतके अवश्य करावे. घरातील प्रत्येक माणसाचे कागद निरनिराळ्या लिफाफ्यांत ठेवावेत. लिफाफ्यावर नाव आधार कार्डावर आहे तसेच लिहावे, आणि जे औषध सोसत नाही, त्याचे नाव वर ठळक अक्षरांत लिहावे. रुग्णालयात नाव सांगताना घरचे लाडके नाव सांगू नये. आणि त्याच रुग्णालयात पूर्वी येऊन गेलो असू, तर तसे आधी सांगावे. सोबत जाणाऱ्या सुनेस किंवा मुलास तो लिफाफा कोठे ठेवला आहे, हे आजच दाखवून ठेवावे. ताप आल्यावर नव्हे.